कार्डावर नाव नाही, पण पंगतीत बसलाय

10 जुलैची संध्याकाळ, पावणेसहा वाजले असतील, बाहेर बेळगावात असा पाऊस की शहापुरातून खानापूर रोडपर्यंत सगळं एकच तळं झालेलं, आणि मी घरी मस्त चहा घेऊन बसलेलो. फोन आला उद्यमबागच्या फौंड्रीतून, अकाउंटंट काकांचा. ह्या फौंड्रीचा लिनक्स सर्व्हर मी बघतो, म्हणजे पगारी नाही, वर्षाचं काय ते ठरलंय आणि मधे मधे काही झालं की फोन. काका फोनवर कधी नमस्कार चमत्कार करत नाहीत, डायरेक्ट मुद्दा. "अरे बिल सेव्ह होईना झालंय बघ. गाडी दारात लोड होऊन उभी आहे आणि उद्या अकरा तारीख."

अकरा तारीख म्हणजे जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, भरायची शेवटची तारीख, ज्यांना महिन्याच्या महिन्याला भरायचं असतं त्यांची. म्हणजे जूनची विक्री तपासायची, राहिलेल्या क्रेडिट नोट टाकायच्या, आणि इथं सॉफ्टवेअर काही आत घ्यायलाच तयार नाही. मागून स्टोअरमधल्या अक्कांचा आवाज येत होता, "सेव्ह आगवल्तु री सर, आगवल्तु!" त्यांना मराठी सगळं कळतं पण टेन्शन आलं की कन्नडच बाहेर पडतं, आणि आपलंही तसंच आहे की, मला राग आला की मी पण त्यांच्याशी कन्नडात भांडतो.

(आधीच सांगून ठेवतो, हा ब्लॉग सगळा देवनागरीत असतो म्हणून कमांडपण देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी कीबोर्डवर करा, नाहीतर मला शिव्या घालाल.)

घरूनच लॉगिन केलं. लॉगमधे पहिलीच ओळ, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. बरं, म्हटलं सोपं आहे, डिस्क भरली. डीएफ -एच मारलं, डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड. साइज 458 जी, यूज्ड 435 जी, अव्हेलेबल 0, यूज 100 टक्के.

आता हे जरा बघा. 458 मधून 435 गेले तर 23 उरायला पाहिजेत. पण खाली शून्य. आणि गंमत म्हणजे मी रूट (म्हणजे सिस्टीमचा मुख्य अ‍ॅडमिन यूजर) म्हणून एक फाइल तयार करून बघितली तर झाली! दोन एमबीची केली, झाली. शंभर एमबीची केली, तीपण झाली. म्हणजे माझ्याकडून लिहिलं जातंय आणि त्यांच्याकडून नाही. पहिल्यांदा हे अनुभवलं होतं तेव्हा मी अर्धा दिवस परमिशन तपासत बसलो होतो, ह्यावेळी तेवढं तरी लगेच आठवलं.

एक्स्ट-4 फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची लिनक्सची पद्धत) बनवताना 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते, आपण काही सांगितलं नाही तर आपोआप. उद्देश चांगला आहे, साध्या यूजरनं डिस्क भरून टाकली तरी अ‍ॅडमिनला लॉगिन करून साफसफाई करता यावी, सिस्टीमचे स्वतःचे लॉग लिहिले जावेत, आणि डिस्क अगदी काठोकाठ भरली की फाइली तुकड्या तुकड्यात पडतात ते पण टळावं. पण हा 5 टक्क्यांचा नियम डिस्का लहान होत्या त्या काळातला आहे. 500 जीबीच्या डिस्कवर 5 टक्के म्हणजे दोन तीन नव्हे, चांगले 23 जीबी, आणि ते नुसते पडून. आमचं ईआरपी, म्हणजे बिलांचं आणि स्टोअरचं सॉफ्टवेअर, टॉमकॅट नावाच्या वेब सर्व्हरवर चालतं, टॉमकॅटचा यूजर वेगळा, डेटाबेसचा यूजर वेगळा, दोघंही रूट नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी दुकान बंद आणि माझ्यासाठी मागचं दार उघडं.

म्हणून पहिली मलमपट्टी ही केली: ट्यून2एफएस -एम 2, पुढं पार्टिशनचं नाव. राखीव 5 वरून 2 टक्के. चालू सिस्टीमवर करता येतं, पार्टिशन अनमाउंट करावं, म्हणजे सिस्टीमपासून सोडवावं, लागत नाही. एका सेकंदात साधारण 14 जीबी मोकळे झाले. काकांना म्हटलं, काका आता बघा. "झालं रे, झालं! गाडी सोडतो." आणि फोन कट. थँक्यू वगैरे काही नाही, चालतंय.

ही गोष्ट इथंच संपली असती तर मी काही लिहायला बसलो नसतो.

दहा मिनिटांनी परत डीएफ बघितलं तर त्या 14 मधले अर्धा जीबी गेले होते. दहा मिनिटात अर्धा जीबी! बिलं काय एवढी मोठी असतात होय? काहीतरी धो धो लिहिलं जात होतं. शोधायला वेळ लागला नाही, टॉमकॅटच्या लॉग फोल्डरमधे कॅटालिना डॉट आउट नावाची फाइल असते, तीच 117 जीबी. ईआरपीवाल्यांनी मे महिन्यात कुठला तरी बग शोधायला डीबग लॉग चालू केला होता आणि तसाच ठेवून गेले, प्रत्येक क्लिकला पानभर मजकूर. आणि ही फाइल स्वतःहून कधी रोटेट होत नाही, म्हणजे जुनी बाजूला काढून नवी सुरू होत नाही, ते आपल्याला लावावं लागतं. ते मी लावलं नव्हतं. (नोंद घ्या, चूक क्रमांक एक माझीच. पुढं अजून येणार आहे.)

मग मी जे केलं ते प्रत्येकजण करतो. आरएम, म्हणजे डिलीट. एंटर. फाइल गेली. आणि मी आरामात डीएफ मारलं.

यूज्ड 435 जी.

काही कमी नाही. सिंक मारलं, परत बघितलं. तेच. मग डीयू लावलं, फाइलींची बेरीज करून सांगणारी कमांड, डीयू -एसएचएक्स आणि पुढं मूळ डिरेक्टरीची तिरपी रेघ. हे चालायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा गार झाला, आईनं विचारलं जेवायला काय करू, मी काय उत्तर दिलं आठवत नाही. आकडा आला 237 जी.

म्हणजे एक म्हणतंय 435, दुसरं म्हणतंय 237. जवळजवळ 200 जीबीचा घोळ. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही बोलत, हेच तर आहे. हे मी फौंड्रीच्या काकांना नंतर समजावून सांगितलं तेव्हा मला स्वतःला पण पहिल्यांदा नीट समजलं. दोन्ही कमांड म्हाताऱ्या आहेत, 1971 सालच्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमधेसुद्धा दोन्ही आहेत, आणि तेव्हापासून दोघींची काम करायची पद्धत वेगळी. डीएफ फाइली बघतच नाही. ती फाइलसिस्टीमला विचारते, बाई तुझ्या वहीत एकूण किती, रिकामे ब्लॉक किती? वही समोरच असते, म्हणून उत्तर झटक्यात. डीयू म्हणजे घरोघरी फिरणारा माणूस. प्रत्येक फोल्डरात जातो, प्रत्येक नाव वाचतो, त्या नावाच्या फाइलनं किती ब्लॉक घेतलेत ते लिहून घेतो आणि शेवटी बेरीज. म्हणून त्याला वेळ लागतो, आणि म्हणूनच ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यापर्यंत तो पोचूच शकत नाही. (आणि जिथं आत जायची परवानगी नाही तिथंही तो दारातूनच परत येतो, म्हणून डीयू नेहमी रूट म्हणून चालवावं, नाहीतर आकडा आणखी कमी येतो आणि आपण आणखी वेगळ्या गल्लीत शिरतो.)

काकांना मी रेशन कार्डाचं उदाहरण दिलं. समजा घरात सहा माणसं आहेत. एकाचं नाव कार्डावरून कमी केलं. म्हणून तो माणूस घरातून गेला काय? तो तर पंगतीत बसलाय, ताट समोर आहे, भात वाढून घेतोय. कार्ड बघून मोजणारा म्हणेल पाच. तांदळाचा डबा बघणारा म्हणेल सहाजणांचा खातोय कोणीतरी. जोपर्यंत तो स्वतः ताटावरून उठत नाही तोपर्यंत डब्यातला तांदूळ कमीच होत राहणार.

आरएम नेमकं एवढंच करतं, कार्डावरचं नाव खोडतं. फाइल म्हणजे नाव नव्हे, फाइल म्हणजे आतला आयनोड (फाइलची आतली नोंद) आणि त्याचे ब्लॉक. एखाद्या प्रोसेसनं, म्हणजे चालू प्रोग्रामनं, ती उघडून धरली असेल तर नाव खोडल्यावरही कर्नल ते ब्लॉक सोडत नाही, शेवटच्या प्रोसेसनं हात सोडला की मगच जागा मोकळी. टॉमकॅटनं फाइल उघडी धरलीय, तो तिच्यात अजूनही मजेत लिहितोय. मी फक्त आता ती मला दिसू नये अशी सोय करून ठेवलीय. आधी निदान एलएसच्या यादीत दिसत तरी होती!

काका म्हणाले, "म्हणजे आमच्या चुलत्यासारखं झालं." पुढं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

तर मग एलएसओएफ +एल1. ही कमांड उघड्या फाइलींमधल्या फक्त त्या दाखवते ज्यांचं नाव कुठंच उरलेलं नाही. आलंच, जावाच्या प्रोसेसच्या नावापुढं बारा आकडी साइज, 126 नं सुरू होणारी, आणि शेवटी कंसात डिलिटेड. बाइट्सचं गणित केलं की 118 जीबी. मी आरएम मारल्यापासून एक जीबी आणखी वाढलेली होती. कार्डावर नाव नाही पण वाढून घेणं चालू.

सरळ उपाय टॉमकॅट रीस्टार्ट. पण तिकडं काका क्रेडिट नोट टाकत होते, स्टोअरमधे अक्का आवक चढवत होत्या, रीस्टार्ट केलं की ह्या ईआरपीला नीट उठायला दहा मिनिटं लागतात आणि कधी कधी एकदा रुसून परत पडतं. त्यात संध्याकाळ. म्हणून दुसरा मार्ग. /प्रॉक मधे प्रत्येक चालू प्रोसेसचं फोल्डर असतं, त्यात एफडी नावाच्या फोल्डरात त्या प्रोसेसनं धरलेल्या सगळ्या फाइली नंबरानं असतात. नाव खोडलेली फाइलसुद्धा तिथून सापडते. नंबर होता 1. त्या पत्त्यावर ट्रंकेट -एस 0 केलं, म्हणजे फाइल न काढता आतलं सगळं रिकामं. प्रोसेसला कळलंसुद्धा नाही.

डीएफ. यूज्ड 318 जी. 436 वरून 318. खरं सांगतो, एकट्यानं खोलीत टाळी वाजवली.

इथं एक बारीक गोष्ट. हे रिकामं करणं नीट चालतं ते फाइल अपेंड, म्हणजे दरवेळी शेवटी जोडून लिहायच्या, पद्धतीनं उघडली असेल तर, टॉमकॅटची स्टार्ट स्क्रिप्ट तशी उघडते म्हणून माझं निभावलं. कोणी नोहप कमांडनं एकाच बाणानं (>) लॉग लिहायला लावला असेल, दोन बाणांनी (>>, म्हणजे अपेंड) नाही, तर प्रोसेसला आपण कितव्या बाइटवर होतो ते आठवणीत असतं आणि ती रिकाम्या फाइलीत तिथूनच पुढं लिहायला लागते. मग एलएस म्हणतं फाइल 118 जीबीची आणि डीयू म्हणतं चार केबी, मधलं सगळं पोकळ. त्याला स्पार्स फाइल म्हणतात. तिथं डीयूचं बरोबर, एलएसचा आकडा नुसता फुगलेला. ह्या पोकळ फाइलीनं एकदा मला एका दुसऱ्या ठिकाणी बॅकअप कॉपी करताना रडवलंय, पण ते जाऊ दे.

आणि हो, लॉग डिलीट करायचा असेल तर मुळात आरएम करायचंच नाही, आधीच रिकामा करायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. घाई झाली की माहीत असलेलं हात विसरतो.

तर 318. काम झालं, बिलं चालू, डीबग लॉग मी बंद करून टाकला, ईआरपीवाल्यांना मेल टाकला. जेवलो. रात्री साडेदहाला झोपायच्या आधी मनात तेच, डीएफ 318 म्हणतंय, डीयू 237 म्हणालं होतं. 81 जीबी अजून कुठंय? परत एलएसओएफ बघितलं, डिलिटेड काही नाही. हार्डलिंकचा (एकाच फाइलला दोन नावं) मामला असेल काय? नाही, डीयू हार्डलिंक एकदाच मोजतं. राखीव टक्के? ते यूज्डमधे धरतच नाहीत. आयनोड? डीएफ -आय लावून बघितलं, सहा टक्के. आयनोड संपले तरी नेमका हाच एरर येतो, नो स्पेस लेफ्ट, आणि डीएफ -एच मधे ढीगभर जागा मोकळी दिसते, एका ठिकाणी पीएचपीच्या सेशन फाइलींनी मला तसं गंडवलं होतं, लाखो बारक्या बारक्या फाइली, आणि त्या काढायला गेलं तर शेल म्हणतो आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग. पण इथं ते नव्हतं.

81 जीबी सोडून झोपता आलं असतं. 140 जीबी मोकळी आहे, राखीव सोडली तरी एकशे तीसच्या जवळपास उरते, कारभार चालतोय, कोण विचारतंय? पण नाही झोप लागत, काय करणार, स्वभाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस जरा ओसरला तशी स्कूटर काढली आणि तिसऱ्या गेटच्या पुढं उद्यमबागला. फौंड्रीत ज्यांनी कधी सर्व्हर बघितला नाही त्यांना सांगतो, तिथली काळी वाळू कुठंही पोचते. केबिन बंद, दाराला खाली रबराची पट्टी, वर प्लास्टिकचं कव्हर, तरी सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर बोट फिरवलं की बोट काजळ लावल्यासारखं. मागच्या बाजूला बॅकअपची यूएसबी डिस्क, 1 टीबीची, रबर बँडनं स्टँडला बांधलेली, आणि तिची केबल थोडी ढिली. मी ती केबल बघितली आणि पोटात खड्डा पडला. कारण मला त्या क्षणी कळलं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला होता एक मोठा, झाडं पडली होती, रात्रभर लाइट नव्हती. यूपीएसची बॅटरी तेवढा वेळ कुठली टिकते, सर्व्हर बंद पडला, सकाळी लाइट आली तसा उठला. त्यावेळी यूएसबी डिस्क लागलीच नाही. आणि ती लागली नाही तरी सर्व्हर अडून बसू नये म्हणून एफस्टॅबमधे (सुरू होताना कुठली डिस्क कुठं लावायची ती यादी) नोफेल लिहून ठेवणारा शहाणा मीच. म्हणजे सर्व्हर गपचूप उठला, /बॅकअप फोल्डर होतंच, रिकामं फोल्डर, आतल्या मूळ डिस्कवरचं. रात्री दोनला माझी स्क्रिप्ट उठली, तिला काय माहीत खाली यूएसबी डिस्क आहे की नुसतं फोल्डर? तिनं 9 जीबीचा बॅकअप त्याच्यात टाकला. दुसऱ्या दिवशी परत. असं नऊ दिवस. नव्वे नव्वे एक्क्याऐंशी, हे बाराखडीतल्या पोरालाही येईल.

मग काकांनी एक दिवस झाडताना केबल दाबली, पुढं मी कुठल्या तरी अपडेटसाठी रीबूट केलं, डिस्क लागली, आणि ती त्या फोल्डरावर माउंट झाली, म्हणजे जोडली गेली. माउंट झालं की खालच्या फोल्डरात जे होतं ते झाकलं जातं. जात नाही कुठं, तिथंच असतं, पण वरून सतरंजी अंथरल्यासारखं. डीयू सतरंजीवर चालतो. डीएफला मात्र वहीत दिसतंय की 81 जीबी कोणीतरी घेतलेत.

सतरंजी न काढता खालचं बघायची युक्ती आहे. एमएनटीमधे असल नावाचं एक फोल्डर केलं आणि माउंट --बाइंड करून मूळ डिरेक्टरी तिथं परत एकदा दाखवली. साध्या बाइंडमधे वर लावलेल्या बाकीच्या डिस्का बरोबर येत नाहीत, फक्त मूळ फाइलसिस्टीम जशी आहे तशी दिसते. मग /एमएनटी/असल/बॅकअप मधे गेलो. नऊ फाइली, मे महिन्यातल्या तारखांच्या, ओळीनं बसलेल्या. अक्का मागं उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "सिक्तेन री?" सापडलं काय. म्हटलं, सिक्कतु अक्का, आमचंच होतं.

काढायच्या आधी यूएसबी डिस्क बघितली तर तिच्यावर नेमके तेच नऊ दिवस गायब. दोन महिने मी हिरवा टिक बघत होतो की बॅकअप झाला, बॅकअप झाला. झाला होताच, त्याच डिस्कवर जिच्यासाठी तो घेतला जातो! त्या नऊ दिवसात डिस्क मेली असती तर दोन्ही एकदम. हे काकांना सांगायला जड गेलं पण सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "असू दे, मेली नाही नव्हं."

आधी नऊच्या नऊ फाइली यूएसबी डिस्कवर कॉपी केल्या, चेकसम जुळवलं, मग डिलीट. आणि हा डिलीट करताना मी जेवढा वेळ एका ओळीकडं बघत बसलो तेवढा परीक्षेच्या निकालाकडं बघितला नसेन. कारण /बॅकअप आणि /एमएनटी/असल/बॅकअप ह्या दोन पत्त्यात चुकलो तर खरा बॅकअपच जाणार. तीनदा पीडब्ल्यूडी मारून कुठं उभा आहे ते बघितलं. मग एंटर.

मालक त्याचवेळी आत आले. त्यांनी स्क्रीनवर डीएफचं आउटपुट बघितलं आणि भलतंच पकडलं. "पाचशेची डिस्क म्हणून पैसे दिलो मी, हे चारशे अठ्ठावन्नच दाखवूलालंय की. दुकानदारानं बेचाळीस कुठं नेला?" हा प्रश्न मला दर वर्षी कोणीतरी विचारतंच. डिस्क विकणारे 1000 नं मोजतात, डीएफ -एच 1024 नं मोजतं, म्हणून 500 चे 465 होतात, 1 टीबीचे 931. त्यातून एक्स्ट-4 आयनोडच्या तक्त्यांसाठी सातएक जीबी आधीच बाजूला ठेवतं, झाले 458. मोठ्या एचनं डीएफ -एच मारलं तर ते 1000 नं मोजून दाखवतं, ते पण करून दाखवलं, 492 आला. मालक जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे कास्टिंगचं वजन वेगळं, मशिनिंग झाल्यावर फिनिशचं वेगळं. तसंच की हे." मी म्हटलं साहेब, ह्याच्यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं. पुढच्या गिऱ्हाइकाला हेच सांगणार आहे, उद्यमबागमधे तरी लगेच पटेल.

मग दुरुस्ती. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप, डिस्क लागलेली नसेल तर पुढं जायचंच नाही, मला मेसेज टाकायचा. आणि त्याच्यावर भरवसा नको म्हणून बाइंडमधून त्या खालच्या रिकाम्या फोल्डरावर चॅटर +आय लावलं, म्हणजे सतरंजी नसेल तर रूटलासुद्धा तिथं काही ठेवता येत नाही. लॉगरोटेट लावलं, कॉपीट्रंकेटसकट. राखीव 2 टक्केच ठेवले, रूट डिस्क आहे, शून्य करायचं धाडस नाही.

तपासायला मुद्दाम डिस्क अनमाउंट करून केबल काढली आणि स्क्रिप्ट हातानं चालवली. फोन वाजला, मेसेज आला, डिस्क नाही. केबल लावली, माउंट केलं, चालवली, झालं. डीएफ, यूज्ड 237. डीयू लावलं आणि तेवढ्या वेळात अक्कांनी आणलेला चहा घेतला, आकडा आला, 237.

निघताना बघतो तर काकांनी केबलला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि स्केच पेननं लिहिलं होतं, वर मराठीत हात लावू नये, खाली अक्कांच्या अक्षरात कन्नडमधे मुट्टबेड्री. पट्टीच्या कडेला काळी वाळू बसायला लागलेली होतीच.